निवळ पाण्यापासून निर्धोक पाण्याकडे : जैविक पदार्थांद्वारे जलशुद्धीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पिण्याचे पाणी स्वच्छ करून घेण्याची धडपड मानवी वस्तीइतकीच जुनी आहे. या धडपडीत माणसाने दगड, वाळू, तुरटी यांसारख्या खनिज पदार्थांबरोबरच झाडांच्या बिया, मुळे, लाकडाचा व हाडांचा कोळसा, लोकर, कापड, इतकेच नव्हे तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत जीवाणूंचाही उपयोग केला. दूषित पाण्यातील अपायकारक द्रव्ये काढून टाकण्यासाठी जैविक पदार्थ वापरण्याच्या या परंपरेकडे अलीकडच्या काळात पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. रासायनिक पद्धतींचा खर्च, त्यांतून निर्माण होणारा गाळ आणि ग्रामीण भागात त्या चालविण्यातील अडचणी ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

या विषयावर बोलताना साधारणपणे दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. जे आजच्या प्रयोगशाळेत सिद्ध होत आहे ते सर्व प्राचीन ग्रंथांत अगोदरच सांगितले होते, असे एक मत आहे. या जुन्या युक्त्या म्हणजे केवळ घरगुती समजुती असून आधुनिक शास्त्राने त्या कालबाह्य ठरविल्या, असे दुसरे मत आहे. या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. प्रत्येक काळात ‘शुद्ध पाणी’ या शब्दाचा अर्थ काय होता, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जात नाही.

इतिहासाकडे पाहिल्यास शुद्धतेची कसोटी दोन वेळा बदललेली दिसते. प्रारंभी ही कसोटी डोळा, जीभ आणि नाक यांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सूक्ष्मजंतूंची झाली. विसाव्या शतकात पाण्यात विरघळलेल्या अदृश्य विषारी द्रव्यांच्या मोजमापाची तिसरी कसोटी पुढे आली. एका कसोटीला उतरलेला पदार्थ दुसऱ्या कसोटीला उतरेलच असे नाही. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत माणसांच्या आरोग्याने मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या तीन कसोट्यांच्या आधारे काही निवडक जैविक पदार्थांचा इतिहास तपासण्यात आला आहे.

पहिली कसोटी : डोळ्यांना दिसणारी निवळ

भारतीय वाङ्मयात पाणी निवळविणाऱ्या पदार्थांपैकी सर्वाधिक उल्लेख आढळतो तो ‘कतक’ या झाडाच्या बीचा. मराठीत या झाडाला निवळी म्हणतात. ‘निवळणे’ हे क्रियापद आणि झाडाचे हे नाव यांतील नाते उघड आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत. कतकाची बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाची मुळे, कापड, मोती आणि मणी अशी ती यादी आहे. या सातांपैकी बहुतेक वस्तू वनस्पती किंवा प्राणी यांच्यापासून मिळणाऱ्या आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचा उल्लेख वेगळ्या संदर्भात येतो. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे असले तरी केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा त्या श्लोकाचा आशय आहे. आचरणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी दिलेला हा दृष्टान्त इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळ्या कारणाने मोलाचा वाटतो. दृष्टान्त नेहमी सर्वांना परिचित असलेल्या गोष्टीचाच दिला जातो. यावरून निवळीचा उपयोग वैद्यांपुरता मर्यादित नसून सर्वसामान्य लोकांनाही तो माहीत होता, असे अनुमान काढता येते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विहिरीत टाकावयाच्या चूर्णाची कृती दिली असून अंजन, नागरमोथा, वाळा, घोसाळ्याच्या जातीचे फळ, आवळा आणि कतक यांचा त्यात समावेश आहे. गढूळ, कडू, खारट, बेचव किंवा दुर्गंधीयुक्त पाणी या चूर्णाने स्वच्छ व चवदार होते, असे तेथे म्हटले आहे. येथे सांगितलेले सर्व दोष रंग, चव व वास यांचेच आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हीच दृष्टी अन्य संस्कृतींतही आढळते. इब्न सीना (९८०–१०३७) याने आपल्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात निरनिराळ्या पाण्यांच्या गुणदोषांची सविस्तर चर्चा केली आहे. पाणी उकळणे, ते कापडातून गाळणे आणि एका भांड्यातील गढूळ पाणी लोकरीच्या वातीद्वारे थेंबाथेंबाने दुसऱ्या रिकाम्या भांड्यात उतरविणे हे उपाय त्यात येतात. लोकरीच्या वातीने पाणी ओढले जाते, गाळ मात्र मागे राहतो. प्राणिज तंतूचा हा अतिशय सुबक उपयोग म्हणावा लागेल.

वसाहतकालीन नोंदी

निवळीच्या प्रत्यक्ष वापराची तपशीलवार नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) याने केली आहे. त्याच्या वर्णनानुसार वाळलेल्या बिया बाजारात विकत मिळत. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूवर एक बी मिनिट-दोन मिनिटे चांगली घासली जाई, मग त्यात पाणी ओतून ते स्थिर ठेवले जाई. थोड्या वेळात गाळ तळाशी बसून वरचे पाणी निवळ होई. लष्करी मोहिमांवर जाणारे दूरदर्शी अधिकारी व शिपाई या बिया बरोबर बाळगत, असेही त्याने नमूद केले आहे. तुरटीपेक्षा या बिया सहज मिळतात आणि प्रकृतीस बहुधा कमी अपायकारक असतात, असे त्याचे मत होते.

यामागील कार्यकारणभाव पुढील काळात उलगडला. गढूळ पाण्यातील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युत्भार धारण करतात. समान भारामुळे ते परस्परांना दूर ढकलतात आणि कित्येक दिवस तरंगत राहतात. निवळीच्या बीत लांब साखळ्यांची बहुशर्करा द्रव्ये असतात. ही साखळी एकाच वेळी अनेक कणांना चिकटून त्यांच्यात जणू पूल बांधते. कणांचे पुंजके तयार होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणजेच निवळीची युक्ती ही भ्रामक समजूत नव्हती. ज्या दोषावर ती योजली जात होती तो दोष ती खरोखर दूर करीत होती. परंतु तो दोष गढूळपणाचा होता. त्याच पाण्यात रोगजंतू आहेत किंवा नाहीत, हा प्रश्न विचारण्याचे साधनच त्या काळी उपलब्ध नव्हते.

दुसरी कसोटी : सूक्ष्मजंतू आणि वाळूवरील जिवंत थर

लंडनमधील चेल्सी वॉटरवर्क्सचा अभियंता जेम्स सिम्प्सन याने १८२९ साली वाळूच्या मोठ्या गाळण्या सुरू केल्या. १८५२ च्या कायद्याने लंडनला पुरविले जाणारे थेम्स नदीचे पाणी गाळून देणे बंधनकारक करण्यात आले. या काळात गाळणीचे काम पूर्णतः यांत्रिक समजले जाई. वाळूच्या फटींत घाण अडकते व पाणी स्वच्छ होते, एवढाच तिचा अर्थ होता. यशाची मोजणीही डोळ्यांनीच होत होती.

१८८१ साली रॉबर्ट कॉख याने घन माध्यमावर जीवाणूंच्या वसाहती वाढविण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे पाण्यातील जीवाणू प्रथमच मोजता येऊ लागले. इंग्लंडमध्ये पर्सी फ्रँकलंड याने १८८५ च्या सुमारास लंडनच्या गाळण्यांच्या पाण्याची या पद्धतीने तपासणी केली. वाळूच्या कणांमधील फटींपेक्षा जीवाणू कितीतरी लहान असतात. तरीही मंद गतीच्या गाळण्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटलेली आढळली. याचे उत्तर वाळूत नसून वाळूच्या वर जमणाऱ्या बुळबुळीत थरात होते. शेवाळ, जीवाणू, आदिजीव आणि त्यांनी स्रवलेली चिकट द्रव्ये यांचा हा जिवंत पडदा पाण्यातील जीवाणूंना धरून ठेवतो व त्यांचे भक्षणही करतो. गाळणी नवी असताना ती कमी प्रभावी असते आणि थर पक्व झाल्यावर तिची क्षमता वाढते, हे या जैविक कार्याचेच लक्षण होय.

कॉख १८८३–८४ मध्ये पटकीच्या संशोधनासाठी इजिप्तमार्गे कलकत्त्यास आला होता. तेथील एका तलावाच्या पाण्यात त्याला पटकीचे जंतू आढळले. या संशोधनाचा प्रत्यक्ष धडा १८९२ साली जर्मनीत मिळाला. हॅम्बर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवीत होते. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे शहर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी उचलीत होते. मात्र ते वाळूच्या गाळणीतून पुरविले जाई. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत हॅम्बर्गमध्ये ८,६०० हून अधिक माणसे मरण पावली. आल्टोनाला मात्र साथीची झळ अत्यल्प लागली. दोन शहरांच्या सीमेवरील रस्त्याच्या एका बाजूस रुग्ण आणि दुसऱ्या बाजूस निरोगी कुटुंबे असे चित्र होते. अधिक घाण पाणी उचलणारे शहर एका जिवंत थरामुळे वाचले. जैविक शुद्धीकरणाच्या इतिहासातील हे सर्वांत बोलके उदाहरण मानता येईल.

सांडपाणी, गाळ आणि मुंबईचा संबंध

जीवाणू हे केवळ शत्रू नसून ते घाण पचविणारे मदतनीसही आहेत, ही जाणीव याच दशकात सांडपाण्याच्या क्षेत्रात रुजली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८८७ साली लॉरेन्स येथे सुरू झालेल्या प्रयोगकेंद्रात खडी व वाळूवरील जीवाणूंचे हे कार्य अभ्यासण्यात आले. भारतात मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात १८९७ च्या सुमारास सांडपाण्याच्या बंद टाक्या बसविण्यात आल्या. टाकीत जीवाणूंच्या क्रियेने तयार होणारा वायू गोळा करून तो इंजिन चालविण्यासाठी वापरण्यात आला. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांच्या वस्तीत झालेला हा प्रयोग जैववायूच्या जागतिक इतिहासात आवर्जून नोंदविला जातो.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा मँचेस्टर येथे गाठला गेला. एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग केले. पहिल्या प्रयत्नात शुद्धीकरण पूर्ण होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. परंतु तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यावर नवे सांडपाणी घेण्याचा क्रम त्यांनी पुनःपुन्हा चालू ठेवला, तेव्हा हा कालावधी झपाट्याने घटत जाऊन काही तासांवर आला. गाळ म्हणजे टाकाऊ घाण नसून काम करणाऱ्या जीवाणूंची फौज आहे, हे त्यातून सिद्ध झाले. १९१४ साली त्यांनी ही पद्धत जाहीर केली आणि तिला ‘सक्रिय गाळ पद्धत’ हे नाव मिळाले. या संशोधनाचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे या विषयाच्या भारतीय संशोधनाला आरंभीच्या काळातच दिशा मिळाली. आज मोठ्या शहरांतील अनेक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे याच तत्त्वावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर चालतात.

शेवग्याची बी : जुनी युक्ती, नवी तपासणी

मूळ भारतीय उपखंडातील शेवग्याचे झाड आफ्रिकेत पोहोचले आणि सुदानमधील नाईलकाठच्या खेड्यांत त्याला नवी ओळख मिळाली. पुराच्या काळात नाईलचे पाणी अतिशय गढूळ होते. ते निवळविण्यासाठी तेथील स्त्रिया विशिष्ट प्रकारची माती वापरीत. पुढे त्याऐवजी काही ठिकाणी शेवग्याच्या बियांची पूड वापरात आली. पाणी निवळविणारे झाड या अर्थाच्या स्थानिक नावानेच हा वृक्ष तेथे ओळखला जातो. सामिया अल-अझहरिया जान या संशोधिकेने १९७० च्या दशकापासून या घरगुती पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. उष्ण कटिबंधातील विकसनशील देशांतील पारंपरिक जलशुद्धीकरणावरील त्यांचा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. ज्ञानाचा उगम खेड्यातील स्त्रियांच्या अनुभवात आहे हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले, ही त्यांच्या कार्याची विशेष बाजू होय.

शेवग्याची क्रिया निवळीहून वेगळी आहे. त्याच्या बीत धन विद्युत्भार असलेली, पाण्यात विरघळणारी लहान प्रथिने असतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले. ही प्रथिने मातीच्या ऋणभारित कणांचा भार कमी करतात, त्यामुळे कण एकत्र येतात. मलावी देशातील थायोलो येथील जलशुद्धीकरण केंद्रात १९९० च्या दशकाच्या आरंभी तुरटीऐवजी शेवग्याची बी वापरून मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेण्यात आल्या. गढूळपणा दूर करण्यात बी तुरटीच्या तोडीची ठरू शकते, असे त्यांत दिसून आले.

मात्र दुसऱ्या कसोटीचा निकाल अधिक सावधपणे वाचावा लागतो. मॅडसन, श्लुंट व ओमर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बियांच्या वापराने पाण्याचा गढूळपणा ८० ते ९९.५ टक्क्यांनी घटला. पहिल्या एक-दोन तासांत जीवाणूंची संख्याही ९० ते ९९.९९ टक्क्यांनी कमी झाली. ही आकडेवारी प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु ते जीवाणू मेलेले नव्हते. ते तळाच्या गाळात एकवटले होते. पाणी तसेच ठेवले असता २४ तासांत काही रोगकारक जीवाणूंची संख्या पुन्हा वाढलेली आढळली. कारण बीमधून सेंद्रिय द्रव्यही पाण्यात उतरते आणि ते जीवाणूंचे खाद्य ठरू शकते. म्हणून निवळलेले पाणी लगेच वेगळे ओतून घेणे आणि ते उकळणे किंवा निर्जंतुक करणे आवश्यक ठरते. ‘९९ टक्के’ हा आकडा सांगताना ‘किती वेळापर्यंत’ हा प्रश्न सुटून गेला, तर उपयुक्त ज्ञानाचेच घातक अज्ञान होऊ शकते.

तिसरी कसोटी : विरघळलेले विष

दुसऱ्या कसोटीवर पूर्ण उतरलेले पाणीही घातक असू शकते, हे बंगालच्या खोऱ्याने जगाला दाखवून दिले. पूर्व बंगालमधील खेडी पिढ्यान्पिढ्या तळी व नद्यांचे पाणी पीत होती आणि अतिसार व पटकी यांनी मोठ्या संख्येने बालके दगावत होती. यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफ व अन्य संस्थांच्या साहाय्याने कूपनलिकांचा प्रसार करण्यात आला. कूपनलिकेचे पाणी निवळ होते आणि तळ्याच्या तुलनेत जंतूंपासून बऱ्याच अंशी मुक्त होते. पहिल्या दोन्ही कसोट्या पार पडल्या होत्या. भूगर्भातील आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची चाचणी मात्र केली जात नव्हती.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कलकत्त्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना हातापायांच्या तळव्यांवर कठीण गाठी व अंगावर डाग असलेल्या रुग्णांत आर्सेनिकची विषबाधा आढळली. बांगलादेशातील विहिरींतील आर्सेनिक १९९३ साली निश्चित झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार देशातील सुमारे १२.५ कोटी लोकांपैकी ३.५ ते ७.७ कोटी लोक धोक्याच्या छायेत होते. इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे तिचे वर्णन करण्यात आले. पुढील काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून सुरक्षित पंपांना हिरवा आणि असुरक्षित पंपांना लाल रंग देण्यात आला.

या संकटावरील उपायांच्या शोधात एक जुना शत्रू उपयोगी पडला. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने बंगालच्या नद्या, खाड्या व भातशेतीत इतका धुमाकूळ घातला होता की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. इंग्लंडमधील लेस्टर येथील परवेझ हारिस व सहकाऱ्यांनी ढाका परिसरातून आणलेल्या जलपर्णीची मुळे वाळवून त्यांची पूड केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, लिटरला २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या द्रावणातून या पुडीने ६० मिनिटांत आर्सेनिकच्या एका रूपाचे ९३ टक्क्यांहून आणि दुसऱ्या रूपाचे ९५ टक्क्यांहून अधिक प्रमाण काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. येथे वनस्पती जिवंत असण्याची गरज नाही. मृत पेशींच्या भिंतींवरील रासायनिक गट आयनांना धरून ठेवतात. या क्रियेला जैव अधिशोषण म्हणतात. समुद्रशेवाळ, बुरशी, कवचधारी प्राण्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन, भाताचा तूस अशा अनेक पदार्थांवर १९८० च्या दशकापासून जगभर असे संशोधन झाले आहे.

तथापि प्रयोगशाळेतील द्रावण आणि विहिरीतील पाणी यांत अंतर असते. नैसर्गिक पाण्यातील फॉस्फेटसारखी द्रव्ये आर्सेनिकशी स्पर्धा करतात व पदार्थाची क्षमता घटवितात. बांगलादेशात प्रत्यक्ष घरोघरी पोहोचलेली ‘सोनो’ गाळणी म्हणूनच एकाच पदार्थावर विसंबलेली नव्हती. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम आणि त्यांचे डॉक्टर बंधू यांनी विकसित केलेल्या या गाळणीत प्रक्रिया केलेले लोह हा मुख्य घटक असून त्याच्या जोडीला वाळू, विटांचे तुकडे व लाकडी कोळसा यांचे थर होते. या कार्यासाठी हुसाम यांना २००७ साली दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

फ्लोराइड, हाडांचा कोळसा आणि लोकमान्यता

दख्खनमधील तिसऱ्या कसोटीचा प्रश्न फ्लोराइडचा आहे. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे जखडणाऱ्या विकाराची नोंद १९३७ साली झाली. हैदराबादलगतचा नालगोंडा जिल्हा या विकारामुळे पुढे देशभर ओळखला गेला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. ती जैविक नव्हे, रासायनिक आहे.

फ्लोराइडसाठी एक परिणामकारक जैविक पदार्थ मात्र उपलब्ध आहे, तो म्हणजे जनावरांच्या हाडांचा कोळसा. हाडांतील कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिज फ्लोराइड शोषून घेते. केनिया व टांझानिया येथे त्याचा वापर झाला आहे. भारतात तो रुजला नाही. हाडे कोणत्या जनावराची, हा प्रश्न येथे अनेक समाजांच्या दृष्टीने निर्णायक असतो आणि त्यात हिंदू, मुस्लिम, जैन असा कोणताच समाज अपवाद नाही. पदार्थाची शास्त्रीय योग्यता आणि लोकांच्या घरात त्याला मिळणारा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलंगणात अखेर पाण्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा पाण्याचा स्रोत बदलण्यावर भर देण्यात आला. २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेतून नदीचे पाणी नळाने पुरविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

काढलेल्या घाणीचे काय?

या संपूर्ण इतिहासात एक प्रश्न सातत्याने मागे पडलेला दिसतो. सेंद्रिय घाण जीवाणू पचवू शकतात, तिचे रूपांतर होते. आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांसारखी मूलद्रव्ये मात्र नष्ट होत नाहीत, ती केवळ जागा बदलतात. २००१ साली जमिनीतील आर्सेनिक मोठ्या प्रमाणात शोषणाऱ्या एका नेच्याचा शोध जाहीर झाला. तो नेचा वाढल्यानंतर त्याच्या पानांचे काय करावयाचे, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. जलपर्णीच्या पुडीलाही तोच प्रश्न लागू होतो. आर्सेनिकने भरलेली पूड परसात टाकली अथवा चुलीत जाळली, तर पाण्यातील विष माती किंवा हवेत जाते. शेवग्याच्या बीखाली साचलेल्या गाळाची गोष्टही वेगळी नाही. म्हणून कोणत्याही जैविक पदार्थाचा विचार त्याच्या विल्हेवाटीसह करणे क्रमप्राप्त आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन स्तरावर हा विषय इतिहास, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल यांना जोडणारा आहे. तुरटी, निवळी व शेवगा यांची तुलना वर्गात अल्प खर्चात करून दाखविता येते. एकाच गढूळ पाण्याचे चार पेले घेऊन, त्यांपैकी एक तसाच ठेवून, दर दहा मिनिटांनी नोंद घेतल्यास विद्यार्थ्यांना पहिली कसोटी प्रत्यक्ष कळते. त्यानंतर पेल्यातील पाणी पिण्यायोग्य झाले काय, असा प्रश्न विचारून दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीकडे वळता येते. हे पाणी कोणीही पिऊ नये, याची दक्षता घ्यावी. निवळी ही विषारी कुचल्याच्याच कुळातील वनस्पती असल्याने बियांची ओळख वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून पटवून घेणे अगत्याचे आहे. ज्येष्ठ स्त्रियांकडून घरगुती पद्धतींची माहिती गोळा करणे हाही एक उपयुक्त प्रकल्प ठरू शकेल.

निष्कर्ष

१. निवळी व शेवगा यांसारख्या जैविक पदार्थांचा पारंपरिक उपयोग वस्तुनिष्ठ निरीक्षणावर आधारलेला होता. आधुनिक संशोधनाने त्याचे कारण स्पष्ट केले आहे.

२. ही परंपरा गढूळपणाच्या कसोटीवर घडलेली होती. तिच्या आधारे पाणी जंतुरहित किंवा विषमुक्त होते असा दावा करणे अनैतिहासिक व धोकादायक आहे.

३. आधुनिक उपायही याच चुकीपासून मुक्त नाहीत. बांगलादेशातील कूपनलिका दोन कसोट्यांना उतरल्या आणि तिसरीची चाचणी न झाल्याने लाखो कुटुंबांना त्याचे परिणाम भोगावे लागले.

४. कोणताही पदार्थ स्वीकारताना तो नेमकी कोणती अशुद्धी काढतो, किती काळापुरती काढतो, काढलेली अशुद्धी कोठे जाते आणि लोक तो घरात वापरतील काय, हे चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

कतकाचे केवळ नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, हे स्मृतिकाराने सांगितले होते. ‘नैसर्गिक’ या नावानेही पाणी निर्धोक होत नाही. ते प्रत्येक वेळी तपासूनच घ्यावे लागते.